आतड्यांतले जिवाणू, आहार आणि व्यायाम: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटातल्या जिवाणूंबद्दल बोलायला लागलं की लोक सगळ्यात आधी विचारतात, "कोणती गोळी घेऊ?" त्या प्रश्नाला खाली जागा दिली आहे, पण सातव्या क्रमांकावर. त्याआधी डबा, भाकरी, उसळ आणि विरजण यांचा विचार व्हायला हवा, कारण जिवाणूंना रोज जे मिळतं त्यावरच ते जगतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा आतड्यांची जुनी दुखणी असलेल्यांनी आहारात मोठा बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

१. आतड्यांत नेमकं असतं तरी काय?

साधारण ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांचं एकूण वजन जेमतेम २०० ग्रॅम भरतं, असा २०१६ सालचा हिशोब आहे. 'शरीरातल्या पेशींच्या दहापट जिवाणू' हे अजूनही ऐकू येणारं वाक्य जुन्या, ढोबळ अंदाजावर उभं होतं. प्रत्यक्षात दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. जठरातलं आम्ल, पित्त आणि अन्न पुढे सरकण्याचा वेग यांमुळे वरच्या भागात त्यांची वस्ती विरळ असते.

आपल्याला जे पचत नाही ते त्यांचं अन्न. धान्याचा कोंडा, कडधान्यांतल्या काही साखरा, भाज्या-फळांतले तंतू (फायबर) लहान आतड्यातून न पचता पुढे जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. यातलं ब्युटिरेट महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातून मिळवतात. तंतू मिळेनासे झाले की काही जिवाणू आतड्याच्या आतल्या श्लेष्माच्या थरावर ताव मारू लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मोठ्या आतड्यातले जिवाणू बी-१२ तयार करतात हे खरं, पण ते शोषलं जातं त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. त्यामुळे 'माझे जिवाणू बी-१२ बनवतील' या भरवशावर राहू नका.

२. आहार बदलला तर किती दिवसांत फरक पडतो?

जिवाणूंमध्ये फार लवकर. २०१४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात काही जणांना पाच दिवस फक्त प्राणिजन्य आणि पुढे पाच दिवस फक्त वनस्पतिजन्य अन्न दिलं. प्राणिजन्य अन्न मोठ्या आतड्यात पोचल्यावर एका दिवसात जिवाणूंचं प्रमाण बदललं, आणि तो आहार थांबवल्यावर दोनेक दिवसांत ते पूर्ववतही झालं. म्हणून रविवारी मोठी वाटीभर कोशिंबीर आणि उरलेले सहा दिवस वडापाव, असं केलं तर हाती काही लागत नाही.

पोट साफ होणं, फुगणं कमी होणं हे मात्र सावकाश जाणवतं. तीन-चार आठवडे द्या. दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देणारेच जास्त.

३. रोज किती तंतू हवेत? मराठी जेवणातून ते भरतात का?

मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम. भरतात, आणि वेगळं काही विकत न आणता भरतात. फक्त जेवणात काय आहे ते पाहायला हवं.

दर १०० ग्रॅम कच्च्या जिन्नसात साधारण किती तंतू असतात ते पाहू. ज्वारीत १०, बाजरीत आणि नाचणीत ११, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११, पॉलिश केलेल्या तांदळात ३ पेक्षाही कमी. मटकीत १५, अख्ख्या मुगात १७, अख्ख्या हरभऱ्यात २५ च्या आसपास. तूरडाळीत ९. भेंडीत ४. पेरूत साडेआठ, म्हणजे सहज मिळणाऱ्या फळांत पेरूशी स्पर्धा करणारं फार कुणी नाही.

आता दिवसाचा हिशोब मांडा. डब्यात तीन पोळ्या, प्रत्येकीत ३० ग्रॅम पीठ धरलं तर १० ग्रॅम. भेंडीची भाजी १०० ग्रॅमची, ४. रात्री ४० ग्रॅम सुक्या मटकीची उसळ, ६. त्याबरोबर ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, आणखी ६. मधल्या वेळी एक मध्यम पेरू बियांसकट खाल्ला की आकडा ३५ च्या पुढे जातो. याउलट सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी दोन वडापाव आणि रात्री वरणभात असा दिवस गेला तर १५ गाठणंही अवघड.

गळती बहुतेक वेळा तीन ठिकाणी होते. पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकला जातो. भाजी पोळीबरोबर चवीपुरती, दोन चमचे घेतली जाते. आणि कडधान्य आठवड्यातून एकदाच शिजतं. यातलं तिसरं सुधारलं तरी खूप झालं. आठवड्यातून चार दिवस उसळ किंवा आमटी, आणि दर वेळी कडधान्य वेगळं: मटकी, चवळी, हिरवे मूग, वाल, कुळीथ, मसूर. वेगवेगळे जिवाणू वेगवेगळ्या तंतूंवर जगतात, म्हणून बदलाला महत्त्व आहे. मोठ्या पाहणीत आठवड्याला ३० किंवा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांत १० किंवा कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविधता आढळली. तीस ऐकून घाबरू नका. कोथिंबीर, तीळ, शेंगदाणे, खोबरं, कढीपत्ता, जवसाची चटणी हे सगळं त्या मोजणीत धरता येतं.

४. उसळ खाल्ली की पोट फुगतं. मग काय करायचं?

उसळ बंद करू नका, ती करण्याची पद्धत आणि प्रमाण बदला. कडधान्यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाकडे नसतं. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात, जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. म्हणजे थोडा गॅस हे काम सुरू असल्याचं लक्षण आहे. दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरणं सामान्य मानलं जातं.

कडधान्य ८ ते १२ तास भरपूर पाण्यात भिजवा आणि ते पाणी ओतून द्या, कारण या साखरांचा काही भाग त्यात उतरतो. मग फडक्यात बांधून १२ ते २४ तास मोड आणा. मोड येताना दाणा त्याच साखरा वापरतो. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः मे आणि जूनमध्ये, पुरचुंडी बंद डब्यात ठेवली की मोड चिकट होतात आणि वास येतो. दर सहा-आठ तासांनी एकदा पाण्यातून काढा, नीट निथळू द्या, हवा खेळेल असं ठेवा. चिकट झालेले मोड धुऊन वापरू नका, टाकून द्या. कच्चे मोड खाण्याचं कौतुकही बेताने करा, कारण मोड येण्याची ऊब आणि ओल साल्मोनेलासारख्या रोगजंतूंनाही मानवते. वाफवून किंवा शिजवून खाल्लेली मटकी जिवाणूंना तितकीच चालते.

प्रमाण असं: पहिल्या आठवड्यात पाव वाटी शिजलेली उसळ एक दिवसाआड, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्यापासून रोज अर्धी ते पाऊण वाटी. सुरुवातीला साल काढलेली मूगडाळ आणि मसूर, मग मूग-मटकी, सगळ्यात शेवटी वाल, राजमा आणि छोले. तंतूंबरोबर पाणीही वाढवा. कोरडे तंतू आणि कमी पाणी यांनी बद्धकोष्ठता वाढते, आणि मग दोष भाकरीला दिला जातो.

५. भात सोडावा का?

सोडायची गरज नाही. भात थंड केला की त्यातला काही स्टार्च न पचणाऱ्या स्वरूपात जातो आणि जिवाणूंच्या वाट्याला येतो. तोच भात पुन्हा गरम केला तरी हा बदल पूर्ण नाहीसा होत नाही. दहीभात आणि फोडणीचा भात म्हणूनच आवडीने खावेत.

पण इथे मुंबईच्या हवेचा धोका आहे. शिजवलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू तग धरून राहतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष गरम करून जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात पसरून लवकर गार करा, तास-दीड तासात झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी संपवा.

६. दही, ताक, इडली, लोणचं, आंबील: यांतलं प्रोबायोटिक काय?

प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू. म्हणून खाताना जिवाणू जिवंत आहेत का, एवढंच विचारा. घरी लावलेलं दही आणि त्याचं ताक यांत ते जिवंत असतात. इडली, डोसा, ढोकळा यांचं पीठ आंबतं, त्यामुळे ते पचायला सोपं होतं, पण वाफेत आणि तव्यावर जिवाणू मरतात. कढीतही तेच. बरेच दिवस फ्रीजबाहेर टिकणारं पाकिटातलं ताक उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं, त्यातही जिवंत काही उरत नाही. सोलकढी पाचक म्हणून पिऊ, पण ती आंबवलेली नसते.

नाचणीची आंबील करताना साधी युक्ती आहे. दोन चमचे पीठ कपभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी शिजवा, कोमट होऊ द्या, आणि मगच ताक घाला. उकळत्या आंबीलीत ताक ओतलं की चव राहते, जिवाणू जातात.

दह्यासाठी १ लिटर दूध उकळून ४० ते ४५ अंशांपर्यंत, म्हणजे बोट बुडवून सहज सोसेल इतकं, निवू द्या. एक-दोन छोटे चमचे विरजण पुरे. मुंबईत उन्हाळ्यात ते चार-पाच तासांत लागतं, पावसाळ्यात आणि थंडीत सात-आठ. लागल्यावर लगेच फ्रीजमध्ये. रात्री दहाला लावून सकाळी सातला पाहिलेलं मे महिन्यातलं दही आंबट असणारच. दह्याला तार सुटत असेल आणि वास बदलला असेल तर विरजणात दुसरे जिवाणू शिरले आहेत. ते पुढे चालवू नका, नवं विरजण आणा.

आपलं कैरीचं लोणचं मीठ, तेल आणि मसाल्यावर टिकतं. जिवाणूंसाठी त्याचा उपयोग फारसा नाही आणि मीठ मात्र भरपूर, तेव्हा फोडीवरच थांबा. मिठाच्या पाण्यातलं गाजर-मुळ्याचं लोणचं वेगळं. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला २५ ग्रॅम मीठ, भाजी पूर्ण बुडलेली, झाकण सैल. मुंबईच्या उकाड्यात दोन दिवसांत आंबट होतं, मग फ्रीजमध्ये. भाजी पाण्याच्या वर आली की तिथे बुरशी धरते. हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाका, वरचा थर काढून भागत नाही.

आंबवलेल्या पदार्थांना वजन द्यावं असा पुरावा आहे. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला. आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी निगडित १९ प्रथिनं कमी झाली. नुसते तंतू वाढवलेल्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. आमचा सल्ला दोन्हीचा आहे: रोज एक वाटी दही किंवा ग्लासभर ताक, आणि शेजारी उसळ.

७. मग प्रोबायोटिकची गोळी कधी?

ठरावीक त्रासासाठी, ठरावीक जातीच्या जिवाणूंची, ठरावीक दिवस आणि डॉक्टरांनी सांगितली तरच. एका जातीचा उपयोग सिद्ध झाला म्हणून दुसरीचा होत नाही. निरोगी माणसाने 'पोटासाठी चांगली' म्हणून महिनोन्‌महिने घ्यावी असं ठोस कारण दिसत नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना ती घातकही ठरू शकते.

अँटिबायोटिकबरोबर ती सर्रास लिहिली जाते. जुलाब टाळायला काही जातींचा उपयोग होतो. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही. पण २०१८ सालच्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर अनेक जातींचं मिश्रण घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात तीन जहाल अँटिबायोटिक एकत्र दिलेल्या १२ निरोगी तरुणांची आतडी दीड महिन्यात बरीचशी सावरली, तरी काही प्रजाती सहा महिन्यांनीही परतल्या नव्हत्या. म्हणून सर्दी-खोकल्याला केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणणं थांबवा. जिवाणूंसाठी करता येण्याजोगी याहून मोठी गोष्ट क्वचितच असेल.

८. व्यायामाने खरंच जिवाणू बदलतात?

बदलतात, पण आहाराइतके नाही आणि व्यायाम सुरू असेपर्यंतच. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात बैठं काम करणाऱ्या ३२ जणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस व्यायाम दिला. अर्ध्या तासाने सुरुवात करून तासापर्यंत नेलं, जोर मध्यम ते जास्त. आहार बदलला नाही. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले, सडपातळ लोकांत जास्त आणि स्थूल लोकांत कमी. पुढचे सहा आठवडे व्यायाम बंद ठेवल्यावर बहुतेक बदल पुसले गेले.

याआधी २०१४ साली आयर्लंडच्या रग्बीपटूंमध्ये जास्त विविधता दिसली होती, पण त्यांचं खाणंही वेगळं होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं ते ठरवणं कठीण. २०१९ सालचं बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंवरचं काम जास्त विलक्षण आहे. धावल्यानंतर त्यांच्यात व्हेलोनेला हा जिवाणू वाढलेला आढळला. स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट खाऊन तो प्रोपिओनेट बनवतो. तो उंदरांना दिल्यावर ते १३ टक्के जास्त वेळ धावले. माणसांसाठी त्यावरून गोळी काढण्याइतकी मजल गेलेली नाही.

व्यायामाने अन्न आतड्यांतून पुढे सरकण्याचा वेग आणि पित्ताम्लांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे जिवाणूंना मिळणारं वातावरणही बदलतं. बद्धकोष्ठतेवर याचा फायदा थेट जाणवतो.

९. लोकलमध्येच दोन-तीन तास जातात. व्यायाम कधी आणि किती?

आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंसाठी. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाता येणार नाही. हे तुकड्यांत चालतं. चर्चगेटला ऑफिस असेल तर मरीन लाइन्सला उतरा, पंधरा-वीस मिनिटांचं चालणं तिथेच होतं. शनिवारी मरीन ड्राइव्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण साडेतीन किलोमीटर, भरभर चाललात तर पाऊण तासाच्या आत संपतो. इमारतीचे जिने हा पावसाळ्यातला उत्तम पर्याय. स्नायूंसाठी घरीच उठाबशा आणि भिंतीला टेकून जोर, प्रत्येकी १० चे तीन फेरे.

जेवणानंतर १० ते १५ मिनिटं सावकाश शतपावली करा. रक्तातली साखर कमी चढते आणि पोट जड वाटत नाही. जोराचा व्यायाम मात्र जेवणानंतर दोन-तीन तासांनी.

१०. धावताना पोटात कळ येते, जुलाब होतात. का?

जोरात धावताना रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्यांचा पुरवठा खूप घटतो. उकाडा आणि पाण्याची कमतरता यांनी ते आणखी बिघडतं, आतड्याचं अस्तर तात्पुरतं सैल होतं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे पावसाळ्यापासूनच धावायला लागतात, आणि दमट हवेत घाम सुकत नसल्याने शरीर जास्त तापतं. पहाटे धावा. आधीच्या संध्याकाळी राजमा-छोले नकोत, धावण्याआधी दोन-तीन तास दूध आणि कोंड्याचे पदार्थ नकोत. केळं किंवा पांढऱ्या ब्रेडचा तुकडा चालतो. तंतू कमी करण्याचा सल्ला फक्त याच वेळेपुरता. आणि धावण्याआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. तिने आतड्याच्या अस्तराला होणारी इजा वाढते.

११. पावसाळ्यात पोट बिघडलं तर?

पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट उकळू द्या, झाकून ठेवा. कापून ठेवलेली फळं, बर्फाचे गोळे आणि रस्त्यावरच्या चटण्या जून ते सप्टेंबर टाळा. जुलाब झाले तर ओआरएस. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते विरघळवा, ग्लासात 'थोडं थोडं' टाकून नव्हे. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलांना धोका असतो.

खाणं बंद ठेवू नका: मऊ भात, ताक, केळं, मुगाची पातळ डाळ. अशा आजारानंतर सुमारे दहातल्या एकाला महिनोन्‌महिने पोट दुखणं आणि शौचाच्या वेळा बिघडणं असा त्रास उरतो. त्यावर उपचार आहेत, तो अंगावर काढू नका.

१२. कांदा, लसूण, गहू, राजमा काहीच सोसत नाही.

आतडं अतिसंवेदनशील असेल तर हे पदार्थ दोन ते सहा आठवडे कमी करून मग एकेक परत आणतात. परत आणणं हा या पद्धतीचा अर्धा भाग आहे. वर्षभर सगळं टाळत राहिलं तर उपयोगी जिवाणूही उपाशी राहतात. आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. फक्त दूध सोसत नसेल तर दही बहुधा चालतं, कारण त्यातली काही दुधातली साखर जिवाणूंनी आधीच वापरलेली असते.

१३. शौचाची जिवाणू-तपासणी करून घ्यावी का?

नको. त्या अहवालावरून निरोगी माणसाने काय खावं हे ठरवण्याइतकं शास्त्र अजून पुढे गेलेलं नाही. त्या पैशांत वर्षभराची कडधान्यं येतात.

१४. डॉक्टरांकडे कधी जायचं?

शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, तापासह पोटदुखी, गिळताना त्रास. वय ४५ च्या पुढे असताना शौचाच्या सवयी अचानक बदलल्या आणि तीन आठवडे तशाच राहिल्या तरीही. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल तर त्याहून आधी. या लक्षणांवर दही, इसबगोल किंवा गोळ्या घेत थांबू नका. जाताना गेल्या आठवड्यातलं खाणं, शौचाच्या वेळा आणि चालू असलेली सगळी औषधं कागदावर लिहून न्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि केमिस्टकडून आणलेल्या गोळ्यासुद्धा.